मोजणी

काल दुमिंग लोबोच्या जागेत मोजणी झाली.
साखळी गेली, आता तिपाईवर यंत्र असतं.
आंबे झाले, गडगा झाला, मग विहिरीपाशी येऊन
मोजणीदाराने विचारलं, ही सामायिक का?

काय सांगू त्याला.
हिच्यात मी चार वर्षं काथ्याच्या दोराने
एक भोंगा सोडत होतो, त्याच्या वर सहा हातांवर मायक्रोफोन,
आणि गोदामातून दुमिंग ओरडायचा,
"आजून खाली! माका इगर्जीचो आवाज नको,
देवचाराचो व्हयो!"

त्याआधी तो रेडी बंदरात बार्जवर टोपल्या मोजायचा.
एकोणसाठ साली खनिज न्यायला आलेल्या जहाजावरच्या खलाशाने
फेणीच्या दोन बाटल्यांवर त्याला एक तबकडी दिली.
मधलं भोक मोठं. त्याने रतांब्याच्या लाकडाची चकती बसवली
आणि मामाच्या चावीच्या फोनोवर लावली,
जो एकाच वेगाने फिरायचा, जवळजवळ दुप्पट.
जाड सुईने महिनाभरात ती तबकडी खाऊन टाकली,
तोवर गाणं त्याला पाठ, त्याच वेगात.
रॉक अँड रोल एवढाच घाईचा असतो
असं वेंगुर्ल्यात बरीच वर्षं सगळ्यांना वाटत होतं.

ताशावर सोनू घडशी. कर्ण्यावर पोलीस बँडातला निवृत्त हवालदार.
गिटार बेळगावची, एक तार सायकलच्या ब्रेकची.
तंबूतल्या सिनेमाचं रीळ बदलेपर्यंत
साडेचार मिनिटं मिळायची.
तेवढ्यात तो बाकावर चढायचा, गुडघ्यांवर पडायचा,
नवाबागेतल्या बायका पाट्या खाली ठेवून म्हणायच्या,
"ह्याच्या आंगात वारां इला."
एकीने खरंच नारळ ओवाळून टाकला.

त्रेसष्टला मुंबईच्या कंपनीने त्याची तबकडी काढली.
तीनशे प्रती.
लेबलवर छापलं: डी. लोबो आणि पार्टी. विनोदी गीत.
बोटीवरून तो खोका डोक्यावर घेऊन उतरला.
लोकांनी ऐकलं आणि लोक हसले,
लेबलवर तसं लिहिलंच होतं.

पुन्हा तो गायला नाही.
काजूचं गोदाम भाड्याने घेतलं, भिंतींना काथ्या ठोकला,
बंद पडलेल्या एका शाळेचं टेपयंत्र आणलं,
आणि दुसऱ्यांना गायला लावू लागला:
दशावतारातला राजा, शिरोड्याची एक मीठवाली,
आणि भजनीबुवा, एकामागून एक बुवा.
पखवाजाला कणीक दुप्पट थापायला लावायचा,
मायक्रोफोन बुवांच्या तोंडापेक्षा धुमाच्या जवळ.
नेरूरचे बुवा चिडले, "गजर हा हो, पळापळ कित्याक?"
दुमिंग म्हणाला, "हाक मारल्यार देव चलत येता काय?"
बुवा गप्प. मग असे काही गायले की
विहिरीतली कबुतरं उडून गेली
आणि टेपेवर त्यांचे पंखही आले.

सुरुवातीला तो आत उभा राहून मोजायचा,
एक... दोन... एक दोन तीन चार,
आणि ते ब्लेडने कापणं माझं काम.
मातोंडच्या जत्रेला जायच्या घाईत
एका टेपेवर मी कापायचं विसरलो.
पाच हजार कॅसेटी गेल्या.
त्याने माझा महिन्याचा पगार कापला,
आणि नंतर, मी बघत नाही असं समजून,
ती कॅसेट पुन्हा पुन्हा मागे नेऊन
फक्त तेवढंच ऐकत बसला.

परवा डबलबारीत एकोणीस वर्षांचा एक बुवा
टाळ उचलून, डोळे मिटून म्हणाला,
एक... दोन... एक दोन तीन चार,
जवळजवळ दुप्पट वेगात.
मी विचारलं, हे कुठून आलं रे?
"आमची परंपरा हा ती."
मी चहा पाजला त्याला. बोललो नाही.

मोजणीदाराच्या पोराने वाकून आत ओ दिली.
खालून ओ आली, जरा उशिरा, जरा ओली.
कागदावर लिहिलं:
विहीर एक. पाणी आहे. वापर नाही.
पंच म्हणून मी सही केली.